पंच्याहत्तर रुपयांची प्रतिज्ञा

पैशामागे न धावता आयुष्याला अर्थ देणारे काम कसे शोधावे, या प्रश्नाची चर्चा आज बहुधा मनाच्या पातळीवरच चालते. आपली आवड ओळखावी, आतला आवाज ऐकावा, म्हणजे वाट आपोआप सापडते, असे सांगणाऱ्या पुस्तकांना आणि शिबिरांना मराठीत तोटा नाही, आणि ‘इकिगाई’ हा जपानी शब्दही आता मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. या साऱ्या चर्चेत एक गोष्ट मात्र सहसा टाळली जाते, ती म्हणजे दरमहा किती रुपयांत भागवायचे आणि ते कोणी ठरवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील काही तरुण पदवीधरांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला, त्याचे उत्तर आकड्यांत काढले, तो आकडा संस्थेच्या नियमांत बसवला, आणि पुढे त्याच आकड्यावरून ते आपसांत इतके भांडले की महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात जी दुफळी माजली तिला या भांडणाचाही हातभार लागला. या मंडळींच्या त्यागाचे गुणगान पुष्कळ झाले आहे. त्यांच्या हिशेबाकडे तितक्या बारकाईने पाहिले गेलेले नाही. वास्तविक ध्येय आणि पैसा यांचा संबंध समजून घ्यायचा तर त्यांच्या त्यागापेक्षा त्यांचा हिशेबच अधिक बोलका आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. बाळ गंगाधर टिळक आरंभापासून बरोबर होते, माधवराव नामजोशी आणि वामन शिवराम आपटे यांची साथ लगेच मिळाली, आणि गोपाळ गणेश आगरकर १८८१ मध्ये येऊन दाखल झाले. त्या काळचा पदवीधर म्हणजे मामलेदारी, मुन्सफी किंवा वकिली यांपैकी एखादी वाट हमखास मोकळी असलेला माणूस होता. घरातल्या एका मुलाला पदवीपर्यंत पोचवण्यासाठी बाकीच्या कुटुंबाने पोटाला चिमटा घेतलेला असे, आणि मुलगा हाताशी आला की घराचे दिवस पालटतील ही अपेक्षा कोणी बोलून दाखवली नाही तरी सर्वांना ठाऊक असे. टेंभूसारख्या गावातून, पराकाष्ठेच्या गरिबीतून वर आलेल्या आगरकरांनी आईला पत्र लिहून आपल्याकडून मोठ्या पगाराची आशा धरू नये, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ आपण लोकांच्या कामी लावणार आहोत, असे कळवले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ती सांगताना आगरकरांच्या निग्रहाचे कौतुक होते. ते पत्र ज्या घरात वाचले गेले त्या घराचे पुढे कसे चालले असेल, हा प्रश्न मात्र कौतुकाच्या भरात मागे पडतो.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक स्पष्टपणे मांडता येतो, कारण तेथे आकडे उपलब्ध आहेत. वडिलांच्या मृत्यूनंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवत राहिले. स्वतःच्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग दुसऱ्याच्या भविष्यावर लावणाऱ्या या माणसाने आपल्या कृतीला कधी ध्येयवाद म्हटले नाही, आणि इतिहासानेही त्याला ते नाव दिले नाही. गोखले पदवीधर होऊन १८८५ मध्ये न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले आणि लवकरच संस्थेचे आजीव सभासद झाले, तेव्हा त्या आठ-आठ रुपयांच्या बदल्यात घराला जे मिळायला हवे होते ते बहुतांशी संस्थेच्या पदरात पडले. धाकट्या भावाचा त्याग थोरल्या भावाच्या आधीच्या त्यागावर उभा होता, आणि अशी दुहेरी रचना त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक ध्येयवादी चरित्रात, थोडे खोलात गेले की, सापडते.

ज्या संस्थेत गोखले दाखल झाले ती डेक्कन एज्युकेशन सोसायटी २४ ऑक्टोबर १८८४ रोजी स्थापन झाली होती आणि २ जानेवारी १८८५ रोजी तिने फर्ग्युसन कॉलेज सुरू केले होते. ‘आजीव सभासद’ ही या संस्थेचा कणा ठरलेली कल्पना होती. जो शिक्षक किमान वीस वर्षे संस्थेत काम करण्याचे वचन देतो, बाजारात आपल्या विद्येला जे मोल मिळाले असते त्याच्या मानाने अगदी थोड्या वेतनावर समाधान मानतो, आणि त्याच्या मोबदल्यात संस्थेच्या कारभारात बरोबरीचा मालक म्हणून मत देतो, तो आजीव सभासद. आरंभी तीस-चाळीस रुपयांच्या घरात असलेले वेतन पुढे पंच्याहत्तर रुपयांवर स्थिरावले, आणि कर्ता माणूस अकाली गेला तर घर उघड्यावर पडू नये म्हणून आयुर्विम्याचीही तजवीज करण्यात आली. या तजविजीचे महत्त्व त्या मंडळींना अनुभवाने पटलेले असणार, कारण ज्यांच्या नावावर शाळा उभी राहिली ते चिपळूणकर १८८२ च्या मार्चमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आतच वारले होते.

अशा वेतनाला पुढे ‘निर्वाहवेतन’ असे म्हटले जाऊ लागले. कामाची किंमत म्हणून दिले जाते ते वेतन, आणि काम करणारा जगावा, त्याला इतर विवंचना राहू नयेत, म्हणून दिले जाते ते निर्वाहवेतन, असा या दोहोंतला भेद आहे. पहिल्या प्रकारात गुणवत्तेप्रमाणे रक्कम वाढते. दुसऱ्या प्रकारात सर्वांना सारखेच मिळते, कारण पोट सर्वांचे सारखेच असते असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक प्रत्यक्षात किती तकलादू आहे हे कळायला संस्थेला फार वर्षे लागली नाहीत.

टिळक आणि आगरकर यांच्यातील बेबनाव हा समाजसुधारणेच्या प्रश्नावरून झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती खोटी नाही. आगरकरांनी १८८७ मध्ये या मंडळींच्या ‘केसरी’ वृत्तपत्राचे काम सोडले आणि पुढच्या वर्षी स्वतःचे ‘सुधारक’ काढले, ते याच मतभेदामुळे. परंतु संस्थेच्या आत जो वाद शिजत होता त्याचा विषय सुधारणा हा नव्हता. तो होता सभासदांनी संस्थेबाहेर किती काम करावे आणि त्याचे पैसे कोणाचे समजावेत, हा. टिळकांचे म्हणणे असे की संस्थेची स्थापनाच मुळी जेसुइट तत्त्वावर झाली आहे. जेसुइट हा रोमन कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ असून त्यातील सदस्याची वैयक्तिक मालमत्ता नसते, त्याचा सगळा वेळ आणि सगळी कमाई संघाची असते. शाळा-कॉलेजे चालवण्यातही या संघाचा लौकिक मोठा होता. याच न्यायाने आजीव सभासदाने आपला संपूर्ण वेळ संस्थेला द्यावा, आणि बाहेर काही मिळवलेच तर ते संस्थेच्या सामाईक निधीत भरावे, असे टिळकांना वाटत होते. वेतनवाढीलाही त्यांचा विरोध होता.

तत्त्व म्हणून हे निर्दोष आहे. पण जेसुइट धर्मगुरूला बायको नसते, मुले नसतात, गावाकडून मुंज-लग्नांची बोलावणी येत नाहीत, आणि श्राद्धाला ब्राह्मण जेवू घालावे लागत नाहीत. पुण्यातील हे तरुण प्रापंचिक होते, आणि त्यांचे प्रपंच एकसारखे नव्हते. टिळकांच्या पाठीशी थोडीबहुत वडिलोपार्जित मिळकत होती; आगरकरांच्या पाठीशी काही नव्हते, आणि दम्याने जर्जर झालेल्या शरीरावर त्यांना सारा संसार रेटायचा होता. समान वेतन हे समान कष्ट नसते, आणि पाठीला आधार असलेल्या माणसाने साधेपणाचा आग्रह धरला की तो आधार नसलेल्याच्या कानाला कसा लागतो, हे टिळकांच्या ध्यानात पुरेसे आले असेल असे वाटत नाही. उलट बाजूने, एकदा सवलतींना दार उघडले की कोणती सवलत शेवटची हे सांगता येत नाही, ही टिळकांची भीतीही पोकळ म्हणता येत नाही. नंतरच्या शंभर वर्षांत ध्येयापोटी निघालेल्या कितीतरी शिक्षणसंस्थांचे काय झाले हे पाहिले, तर ती भीती दूरदृष्टीची ठरते.

वादाला अखेरचे निमित्त झाले गोखल्यांचे. १८९० मध्ये त्यांनी सार्वजनिक सभा या पुण्यातील राजकीय संस्थेचे चिटणीसपद स्वीकारले, आणि संस्थेचा वेळ असा बाहेर जाणे हा शिस्तभंग आहे असे टिळकांनी धरले. ऑक्टोबरात त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात आपली बाजू मांडणारे सविस्तर निवेदन सादर केले. ज्या संस्थेसाठी आगरकरांबरोबर त्यांनी रात्ररात्र बेत केले होते, जिच्या उभारणीच्या काळात कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यापायी दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते, तिच्यातून ते दहा वर्षांनी बाहेर पडले.

या वादातली एक बाब मुद्दाम थांबून पाहण्याजोगी आहे. आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्येच, म्हणजे राजीनाम्याच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य असलेल्या या गृहस्थांनी प्राचार्यपदाचे काम सांभाळून हा कोश सिद्ध केला, आणि दोनच वर्षांनी ते वारले. संस्कृतचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हातात तो कोश आजही आहे. जेसुइट तत्त्व अक्षरशः पाळायचे तर कोशावर गेलेला वेळ संस्थेच्या वेळातूनच वजा झाला असे म्हणावे लागेल. गोखल्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक पुढे इतके खपले की त्याचे उत्पन्न त्यांना संस्थेच्या वेतनाहून अधिक मिळू लागले, आणि त्याच उत्पन्नाने त्यांना फर्ग्युसनमधून बाहेर पडल्यावर ताठ मानेने देशकार्य करता आले. खुद्द ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही वृत्तपत्रे तरी संस्थेच्या कामात कोठे बसत होती? जीवितकार्य एकच आणि ते संस्थेच्या चौकटीत मावणारे असते, ही समजूतच या मंडळींच्या बाबतीत लागू पडत नव्हती. त्यांच्यातला प्रत्येकजण चौकटीच्या कडेवर उभा राहूनच आपले सर्वांत टिकाऊ काम करीत होता. टिळकांनी स्वतः संस्था सोडल्यानंतर निर्वाहासाठी वकिलीच्या विद्यार्थ्यांचा वर्ग चालवला आणि लातूरच्या सरकी काढण्याच्या कारखान्यात भागीदारी केली, म्हणजे मिळकतीची सोय वेगळी आणि कार्य वेगळे अशी वाटणी त्यांनी पत्करली, आणि त्यात कमीपणा मानला नाही.

आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आतच वारले. अंत्यसंस्काराचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे त्यांची चरित्रे सांगतात. या पुडीने मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांचे डोळे ओले केले आहेत. पण पुडीतल्या पैशांनी फक्त अंत्यसंस्कार भागले, आणि यशोदाबाई आगरकरांचा वैधव्याचा काळ त्यानंतर सुरू झाला.

गोखल्यांनी या साऱ्या अनुभवातून जो बोध घेतला तो १९०५ च्या भारत सेवक समाजाच्या नियमांत उतरलेला दिसतो. फर्ग्युसनमधून १९०२ मध्ये निवृत्त झाल्यावर आणि केंद्रीय कायदेमंडळातील कामाने देशभर नाव झाल्यावर त्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात ही संस्था स्थापन केली. नटेश अप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन आणि गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे पहिले सहकारी होते. प्रवेश घेताना प्रत्येकाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत, आणि त्यांतली एक पैशासंबंधी होती: समाज आपल्यासाठी आणि आपल्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तीवर सदस्य संतुष्ट राहील आणि आपल्या शक्तीचा कोणताही अंश स्वतःसाठी पैसा मिळवण्यात खर्च करणार नाही. या वाक्यात ‘कुटुंब’ आले आहे, आणि तो डेक्कन एज्युकेशन सोसायटीतल्या भांडणांचा परिणाम असावा असे मानायला जागा आहे. नव्या सदस्याला पूर्ण सदस्यत्वाआधी पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. ती अभ्यासात आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील प्रवासात जाई. म्हणजे वैराग्याच्या पहिल्या उमाळ्यावर कोणाला आत घ्यायचे नाही, उमाळा ओसरल्यावर काय उरते ते पाहायचे, अशी ही व्यवस्था होती.

या संस्थेत कोण आले ते पाहिले म्हणजे या व्यवस्थेतले शहाणपण कळते. शिक्षकी करून आलेले नारायण मल्हार जोशी १९०९ मध्ये दाखल झाले, १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० मध्ये ते अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक झाले. अमृतलाल ठक्कर, म्हणजे पुढचे ठक्करबाप्पा, हे पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले गृहस्थ मुंबई महापालिकेतली नोकरी सोडून १९१४ मध्ये आले, तेव्हा त्यांनी चाळिशी कधीच ओलांडली होती. १९२२ मध्ये त्यांनी दाहोद भागात भिल्ल सेवा मंडळ उभारले. विशीतच आयुष्याचे प्रयोजन सापडले पाहिजे, नाही तर गाडी चुकली, अशी जी घाई आज दिसते तिला ठक्करांचे उदाहरण चांगले उत्तर आहे: त्यांनी अभियंता म्हणून निम्मे आयुष्य काढले, आणि पालिकेच्या सफाई कामगारांच्या वस्त्यांत जे दिसले त्यातून पुढची दिशा घेतली. महात्मा गांधींनाही १९१५ मध्ये या संस्थेत यायचे होते. गोखल्यांच्या मृत्यूनंतर सदस्यांत मतभेद दिसल्यावर त्यांनी आपला अर्ज मागे घेतला.

धोंडो केशव कर्वे हे या परंपरेतले सर्वांत चिवट उदाहरण आहे आणि सर्वांत अवघडही. मुंबईत शाळा आणि शिकवण्या करून त्यांची मिळकत बरी चालली असताना, टिळक गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेसाठी गोखल्यांनी, म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजातील त्यांच्या सहाध्यायाने, त्यांना बोलावले, आणि १८९१ मध्ये ते फर्ग्युसनला आले. आजीव सभासद होऊन त्यांनी वेतनाची मर्यादा तर स्वीकारलीच, शिवाय १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढून त्या वेतनातलेही आश्रमाकडे वळवण्यास आरंभ केला. दिवसभर गणित शिकवून संध्याकाळी हिंगण्याच्या माळावर पायी जाणारे कर्वे महाराष्ट्राने डोळ्यांसमोर जपले आहेत. त्याच वेळी घरी काय चालले होते हे मात्र बाया कर्वे यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनातून कळते. आनंदीबाई तथा बाया या स्वतः बालविधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या होत्या, आणि १८९३ मध्ये कर्व्यांशी विवाह केल्याबद्दल मुरुड गावाने टाकलेला बहिष्कार त्यांनी नवऱ्याबरोबरीने सोसला होता. म्हणजे कार्याचे मोल त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही पैसा आश्रमाकडे जातो, घराला उरलेले पुरत नाही आणि निर्णयाच्या वेळी आपल्याला विचारले जात नाही, ही त्यांची तक्रार होती, आणि ती त्यांनी मोकळेपणाने सांगितली आहे. मराठी चरित्रवाङ्मयात थोर पुरुषाच्या पत्नीला ‘समई’ म्हणण्याची जी रीत आहे तिच्यात बायांची ही रोखठोक तक्रार बसत नाही, आणि म्हणूनच ती मोलाची आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या सभेत पंच्याहत्तर रुपयांवर मतदान झाले तेव्हा त्या रुपयांत धान्य, लाकूडफाटा, औषधपाणी आणि येणाजाणाऱ्यांचे आदरातिथ्य बसवणाऱ्या एकाही व्यक्तीला तेथे मत नव्हते.

याच पुण्यात, याच काळात, अगदी वेगळ्या वाटेने गेलेला एक माणूस होता. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. ज्याने मुलींसाठी आणि अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या त्या माणसाने या निवेदनाखाली स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सदस्य अशी करून दिली आहे. खडकवासल्याच्या धरणासारख्या बांधकामांशी त्यांचा व्यावसायिक संबंध होता, आणि सत्यशोधक समाजाच्या कामात त्यांचा पैसा खर्च होत होता. कमी मिळवण्याची प्रतिज्ञा करण्याची गरज त्यांना भासली नाही. मिळवायचे आणि ते कोठे लावायचे हे स्वतः ठरवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. न्यू इंग्लिश स्कूलच्या इमारतीपासून फार दूर नसलेल्या पेठेत राहणाऱ्या फुल्यांच्या या पर्यायाचा उल्लेख ध्येयवादाच्या चर्चेत क्वचितच होतो. त्याचे एक कारण जात हे आहे. ज्याच्या घराण्यात विद्येला मान आणि पैशाला दुय्यम स्थान अशी शिकवण आहे, आणि वेळ पडली तर नातेवाईकांचा व ओळखीपाळखींचा आधार आहे, त्याने पैसा नाकारणे हा त्याग दिसतो. ज्याला तो कधी मिळू दिलेलाच नाही त्याने नाकारायचे तरी काय?

भाऊराव पाटलांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर दोन्ही वाटांच्या मधले आहे. किर्लोस्करांच्या नांगराचे आणि ओगल्यांच्या काचमालाचे फिरते विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडलेल्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे आणि आपल्या श्रमातून आपला खर्च उचलावा, या पायावर त्यांचे वसतिगृह चालले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेचे मूळ तेथे आहे. येथे कमावण्याला कमीपणा नव्हता, उलट कमावता येणे हाच स्वाभिमानाचा आरंभ होता. वसतिगृहातल्या मुलांची जेवणे चालावीत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही विकायला दिले, आणि १९३० मध्ये त्या गेल्या. रयतेतही आजीव सेवक होते, अल्प वेतन होते, बारा वाटांनी बदल्या होत्या. फरक एवढाच की हे सेवक बव्हंशी त्याच वसतिगृहांतून शिकून निघालेले होते आणि आपण काय परत करतो आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते. बॅरिस्टर होऊन इंग्लंडहून परतलेले पी. जी. पाटील वकिलीत न रमता रयतेच्या कामाला लागले, ते याच ऋणाच्या जाणिवेने.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लिहिलेल्या लेखात धर्माच्या कसोट्या सांगितल्या आहेत, आणि त्यांतली एक अशी आहे की धर्माने दारिद्र्याला पवित्र मानता कामा नये. श्रीमंताने संपत्ती सोडणे ही धन्य अवस्था असू शकेल, दारिद्र्य ही कधीच नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पैशापलीकडच्या प्रयोजनावर मराठीत जे काही लिहिले जाते ते या कसोटीवर घासून घ्यायला हवे, कारण वेतन थोडे घेण्याचे व्रत आणि वेतन थोडे देण्याची सोय या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात.

हा धोका काल्पनिक नाही हे दाखवणारे उदाहरण गडचिरोलीत सुरू झालेल्या एका चांगल्या कामातूनच मिळते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. गेल्या चार दशकांत ‘आता आयुष्याचे काय करावे’ असे विचारणाऱ्या मराठी तरुणांच्या तोंडी जी नावे सर्वांत अधिक असतात त्यांत हे दांपत्य आहे, आणि २००६ पासून ‘निर्माण’ या उपक्रमाच्या शिबिरांतून तरुणांना हाच प्रश्न गावातल्या खऱ्या समस्यांच्या संदर्भात विचारायला ते शिकवीत आले आहेत. त्यांच्या कामाचे तांत्रिक वैशिष्ट्य असे की नवजात बाळाची काळजी दवाखान्याबाहेर, घरातच घेता येते हे त्यांनी सिद्ध केले. गावातल्याच थोडे शिकलेल्या स्त्रीला आरोग्यदूत म्हणून तयार केले जाई. ती बाळंतिणीच्या घरी जाऊन झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करी, ताप पाही, मिनिटाला श्वास किती चालतो ते मोजी, दूध ओढण्याची ताकद कमी झाली आहे का ते आईला विचारी, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर ठरवून दिल्याप्रमाणे औषध देई. एकोणचाळीस गावांतल्या या प्रयोगाने नवजात बालकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

२०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत देशभर लागू केली आणि काम ‘आशा’ स्वयंसेविकांकडे सोपवले. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. आणि या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये मोबदला. आशांना कर्मचारी म्हटले जात नाही. त्या स्वयंसेविका आहेत, आणि म्हणून त्यांना पगार मिळत नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन मिळते. आजीव सभासदांनी पंच्याहत्तर रुपये स्वतः ठरवले होते, वेतन वाढवायचे की नाही यावर ते स्वतः मत देत होते, आणि पटले नाही तेव्हा टिळकांसारखा माणूस राजीनामा देऊन वकिलीचा वर्ग काढू शकत होता. शासनाने सेवेची ती परिभाषा उचलली, ठरवण्याचा अधिकार मात्र आपल्याजवळ ठेवला. महाराष्ट्रातील आशा स्वयंसेविकांनी २०२३ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, संप केला. मानधनात वाढ जाहीर झाली, पण तिचा शासन निर्णय निघेना, तेव्हा २०२४ च्या जानेवारीत त्यांनी पुन्हा काम थांबवले आणि त्या मुंबईत आझाद मैदानावर येऊन बसल्या. शासन निर्णय मार्चमध्ये निघाला.